तेंडोलकरांकडचा भोंडला

"वैनी, दार उघडा वो. हात भरलेले आसत."

मी पोळ्या लाटत होते. पिठाच्या हातानंच कडी काढली. दारात तेंडोलकरवहिनी उभ्या होत्या, हातात ताट, ताटात दोन-तीन वाट्या आणि सगळ्यांवर मिळून एक भरतकामाचा रुमाल.

"वायच चाखून बगा. गूळ बराबर पडलो मां?"

त्यांनी पुढं केलेल्या वाटीत तपकिरी रंगाचा, वडीसारखा कापलेला मऊ तुकडा होता. वर काजूची पाकळी. तोंडात घातला आणि मी उभ्या जागी डोळे मिटले. गूळ, वेलची, ओलं खोबरं, आणि त्यामागं कसली तरी हिरवी, थंड चव.

"हे काय हो?"

"धोंडस. तवशाचा. तवसां म्हणजे तुमची काकडीच, पण मोठी, पिकलेली. भावान एस्टीतसून धाडल्यान. आज आमच्याकडे तो भोंडलो मां? त्येची खिरापत ही."

मी चावायची थांबले.

"वहिनी, ही खिरापत आहे? आणि तुम्ही ती वाटत फिरताय?"

"मगे? शेजाऱ्यांनी चाखल्याशिवाय पावण्यांका कशी वाढतली? आमच्या घरातली रीतच आसा ती." त्या समाधानानं हसल्या.

आम्ही तेव्हा धरणावरच्या वसाहतीत राहत होतो. नवरात्र बसलं की तिथं रोज संध्याकाळी एकेका मुलीकडे भोंडला. अंगणात पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि गाणी संपली की ज्या मुलीकडे भोंडला तिनं झाकलेला डबा घेऊन यायचं. आत काय आहे हे ओळखेपर्यंत झाकण काढायचं नाही. मुली जमतात गाण्यांसाठी असं म्हणायचं, पण सगळ्यांचा जीव त्या डब्यात. खिरापत काय आहे हे घरातल्या पुरुषांनासुद्धा सांगत नाहीत. मी तर त्या दिवशी खोबरंही दार लावून किसायची. आणि ही बाई उन्हातान्हातून घरोघर वाट्या देत निघाली होती.

"कुणाकुणाकडे दिलंत?"

"सगळ्यांकडे. पयली पवारांकडे गेलंय, मगे घोरपड्यांकडे, मगे ती मागची लाईन. ह्यो शेवटचो फेरो." मग त्यांनी आवाज उतरवला. "तुमका म्हणान सांगतंय, वैनी. आमची दीपा शाळेसून येता नि खिडकीत बसान ऱ्हवता. कोण बोलणत नाय म्हणता. ह्ये म्हणतत, दिवाळीत मामाकडे धाडूया, थयसरच शिकात. आज बरां झालां, चार पोरी बोलल्यो, तर ऱ्हवात ती हयां. कालपासून नाचता नुसती. आमची खिरापत कोणाक ओळकूकच येवची नाय म्हणता."

दीपाशी कोण बोलत नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं. तो हुकूम आमच्या घरातूनच सुटला होता.

झालं होतं असं. आदल्या आठवड्यात आमच्याकडे, म्हणजे माझ्या रेणूचा भोंडला होता. मी भोपळ्याचे घारगे केले होते. रेणू डबा छातीशी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "ओळखा!" आता यानंतर मुलींनी 'तिखट की गोड' विचारायचं, मग मुद्दाम भलतंसलतं सांगायचं, डबा धरणारीला थोडं मिरवू द्यायचं, आणि ती मिरवून दमली की मग ओळखायचं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. तेंडोलकर तेव्हा वेंगुर्ल्याहून नुकतेच बदलून आले होते. दीपाचा हा जन्मातला पहिला भोंडला. तिनं नाक पुढं करून एकदाच हुंगलं आणि ओरडली, "भोपळ्याचे घारगे!" अंगणात शांतता. रेणूच्या हातात तसाच भरलेला डबा. आणि ही पोरगी सगळ्यांकडे बघत विचारते, "जिंकले ना मी?"

त्या दिवसापासून पाचवीतल्या एकाही मुलीनं दीपाशी शब्द काढला नव्हता.

तेंडोलकरवहिनी गेल्या आणि मी तवा उतरवून तशीच बाहेर पडले. मुली शाळेतून यायच्या आत घरोघर जाऊन सांगता आलं, की बायांनो, पोरींच्या हाती ती वाटी लागू देऊ नका, तर काही तरी वाचणार होतं. पहिल्यांदा पवारांकडे गेले, कारण त्यांची वैजू म्हणजे रेणूचा उजवा हात.

"वैजूला नका दाखवू ती वाटी," मी दारातूनच म्हटलं.

"कुठली वाटी? धुऊनसुद्धा झाली," पवारवहिनी म्हणाल्या. "वैजूला कणकण होती म्हणून शाळेत नाही पाठवली. तेंडोलकरवहिनी उभ्या होत्या तोवर त्यांच्यासमोरच दोन तुकडे संपवले तिनं. तापातल्या तोंडाला चव आली म्हणाली."

आतून कॉटवरून वैजूचा घोगरा आवाज आला, "काकू, काकडीचा केक! आज काय धमाल येणारे!"

मी पुढच्या घरी गेलेच नाही. वैजूला कळलं म्हणजे वसाहतीच्या भोंग्याला कळलं.

रेणू शाळेतून वैजूकडे डोकावूनच आली ती दप्तरसुद्धा न ठेवता म्हणाली, "कळलं मला. काकडीचा केक."

"धोंडस म्हणतात त्याला."

"काय म्हणतात ते म्हणू दे. तिनं डबा आणला ना, की 'ओळखा' म्हणायच्या आत सगळ्यांनी एकदम ओरडायचं. आणि खायचं पण नाही. तसंच घरी यायचं. ठरलंय आमचं."

"कुणी ठरवलं?"

"मी."

मी आवाज मऊ ठेवला. "रेणू, ती नवीन आहे गं. तिला आपली पद्धत माहीत नव्हती."

"आम्हाला माहितीये ना पण."

"जरा तिच्या जागी स्वतःला ठेवून बघ बाळा."

"ठेवून कशाला बघायला पाहिजे? मी होतेच तिच्या जागी. हातात डबा धरून. तेव्हा तू कुणाला काही म्हणालीस?"

माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. मुलं कशी वाढवावीत यावरची पुस्तकं मी वसाहतीच्या वाचनालयातून आणून, दुपारी भात शिजताना वाचायची. त्यात आईनं असं विचारलं की मूल विचारात पडतं असं लिहिलं होतं. आईच विचारात पडली तर पुढं काय करायचं, ते पान कुठं सापडलं नाही.

मग मी पुस्तक सोडलं आणि धाक काढला. "तुला आज पाठवतच नाही मुळी."

"नको पाठवू. वैजू ओरडेल. तिचा ताप उतरलाय."

"अगं, तिला मामाकडे पाठवून देणार आहेत. इथं कुणी बोलत नाही म्हणून. आई-बाप सोडून जावं लागेल त्या पोरीला."

रेणू बुटाचे बंद सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊ दे."

दोनच शब्द. पण ते ऐकून मला दीपाची काळजी वाटायची थांबली आणि वेगळीच भीती वाटायला लागली. ही माझी मुलगी. मांजराचं पिल्लू थंडीत मरेल म्हणून स्वतःचा स्वेटर देऊन आलेली. हिच्यात हे कधी आलं? मी भाजी फोडणीला टाकत होते तेव्हा आलं का?

चार वाजता मी तेंडोलकरांकडे गेले. मनात होतं, वहिनींना बाजूला घेऊन सांगावं, की वहिनी, धोंडस ठेवा झाकून, मी माझ्याकडून पटकन दुसरं काहीतरी करून आणते. घरात शेंगदाणे होते, गूळ होता. तासाभरात लाडू झाले असते.

दार दीपानंच उघडलं. वेणीत अबोली, अंगात ठेवणीतला परकर-पोलका, दोन्ही हात खडूनं पांढरे. अंगणात पाटावर तिनं हत्ती काढला होता. सोंड होती म्हणून हत्ती म्हणायचं.

"काकू, आत नका येऊ हां! डबा आहे आत." मग जवळ येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "कुणालाच ओळखता येणार नाही. रेणूला पण नाही. इकडे कुणी बघितलंच नाहीये ते. मग सगळ्या विचारतील मला, काय आहे गं, काय आहे गं. विचारायला तर बोलावंच लागेल ना?"

"हो," मी म्हटलं.

ती मागं वळून ओरडली, "आई, तू कुणाला सांगितलं नाहीस ना?"

"नाय गो बाय," आतून वहिनींचा आवाज आला. "कोणाक एक शब्द सांगूक नाय."

आणि ते खरंच होतं. त्या माउलीनं सांगितलं नव्हतं कुणाला. नुसतं खायला घातलं होतं.

मी "हत्ती छान झालाय," एवढं म्हणून परत आले.

संध्याकाळी सगळ्या जमल्या. आम्ही बायका ओट्यावर बसलो. वैजू स्वेटर घालून आली होती आणि दर दोन मिनिटांनी कुणाच्या तरी कानात बोलून खिदळत होती. घोरपड्यांची पाच वर्षांची चिंगी तर आल्या आल्याच म्हणाली, "मी दुपारी खाल्—" आणि तिच्या ताईनं तिला चिमटा काढला. पवारवहिनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाल्या, कठीण आहे. डबा तेंडोलकरवहिनींच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला.

फेर धरायची वेळ आली. दीपाचा हात धरायला कुणी पुढं होईना. मुली अशा सरकत गेल्या की तिच्या दोन्ही बाजूंना जागा राहिली. शेवटी एका बाजूला चिंगी आली, कारण तिला काही कळत नव्हतं, आणि दुसऱ्या बाजूला वैजूनं ढकलल्यामुळं रेणू. रेणूनं दोन बोटं पुढं केली. दीपानं ती दोन बोटं पूर्ण मुठीत धरली.

गाणी सुरू झाली. दीपाला गाणी येत नव्हती. दुसऱ्यांच्या ओठांकडे बघत ती प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तेवढा मोठ्यानं म्हणायची. माझं लक्ष गाण्याकडे नव्हतंच. एकेक गाणं संपलं की मी उरलेली मोजत होते. मधेच वाटायचं, उठून सरळ रेणूला हाताला धरून घरी न्यावं. मधेच वाटायचं, चक्कर आल्यासारखं करावं आणि ओट्यावर आडवं व्हावं. निदान भोंडला तरी थांबेल.

शेवटच्या गाण्याच्या आधी वहिनी पाणी प्यायला उठल्या आणि डबा ओट्यावर ठेवून गेल्या. दीपा फेर सोडून धावली. तिनं खुंटीवरची आईची जुनी शाल ओढली आणि डब्याला आणखी एक वेढा दिला. मग वर वाकून, नाक लावून हुंगून बघितलं. वास येतोय का ते. पुन्हा एकदा हुंगलं. समाधान झाल्यावर पळत फेरात आली आणि रेणूपुढं हात केला.

रेणूनं त्या हाताकडे बघितलं. मग शालीत गुरफटलेल्या त्या डब्याकडे. मी तिच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का बघत होते. काही दिसलं नाही. तिनं हात धरला. फेर पुन्हा सुरू झाला.

गाणं संपलं. मुली पाटासमोर गोळा झाल्या. वैजू पुढं सरकली. दीपानं शाल सोडली, टॉवेल सोडला आणि डबा छातीशी धरून उभी राहिली. तोंड उघडलं, पण उत्साहानं आवाजच फुटेना.

वैजूनं श्वास घेतला. "का—"

"शंकरपाळे!" रेणू ओरडली.

वैजू तिच्याकडे बघतच राहिली. सगळ्याच बघत राहिल्या.

"नाही!" दीपा म्हणाली. आवाज चिरकला होता.

"रेणे, अगं," वैजू दबक्या आवाजात म्हणाली, "आपलं ठरलंय ना—"

"तुझी पाळी नंतर. मी सांगतेय ना आत्ता? दीपे, तिखट की गोड?"

आठवडाभरानंतर तिनं दीपाला मारलेली ती पहिली हाक.

"गोड," दीपा म्हणाली.

"मग शिरा."

"नाही!"

"करंज्या."

"नाहीच!"

घोरपड्यांच्या थोरलीनं रेणूकडे बघितलं, मग वैजूकडे, मग हळूच म्हणाली, "रव्याचे लाडू?"

"नाही!" दीपा आता टाचांवर उड्या मारायला लागली होती.

मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. खोबऱ्याची वडी, चिरोटे, साटोऱ्या, गूळपापडी. एकीनं तर गोड म्हटल्यावरही भेळ सांगितली. वैजू गप्प उभी. तिचे गाल फुगले होते आणि मी मनातल्या मनात तिचे पाय धरत होते. तेवढ्यात चिंगी सगळ्यांच्या पायांतून पुढं आली आणि म्हणाली, "मला माहितीये! दुपारी आईनं मला—"

रेणूनं तिला उचलून कडेवर घेतली आणि तिचं तोंड आपल्या खांद्यावर दाबलं. "चिंगी म्हणते, पेढे."

"नाही गं चिंगे!" दीपा हसत सुटली.

सगळ्यांचे डोळे वैजूकडे. ओरडायचंच ठरलं होतं, तर आता फक्त तीच उरली होती. वैजूनं स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं. रेणूकडे रागानं बघितलं. मग डब्याकडे बघितलं.

"जिलेबी," ती म्हणाली. "आणि नसेल तर मी हरले बाई. माझा ताप वाढतोय."

"हरलो!" रेणू म्हणाली.

"हरलो, हरलो," सगळ्या म्हणाल्या.

दीपानं झाकण काढलं. "धोंडस!"

"अगं बाई, काकडीचा?" वैजू म्हणाली.

अंगणात अजून कुणी काकडीचं नाव काढलं नव्हतं. दीपा हातात झाकण घेऊन थबकली.

"तुला कसं कळलं, काकडीचा आहे?"

रेणू म्हणाली, "वास येतोय की एवढा. तुला एकटीलाच नाक आहे होय?"

दीपानं रेणूच्या नाकाकडे बघितलं. मग हसली, इतकी हसली की तिला डबा खाली ठेवावा लागला.

मी मागं बघितलं. तेंडोलकरवहिनी दारात उभ्या होत्या. दुपारी स्वतःच्या हातानं त्यांनी घरोघर वाट्या दिल्या होत्या. वैजूनं तर त्यांच्यासमोर खाल्लं होतं. त्यांची नजर एकेका मुलीवरून फिरत होती. मग माझ्याकडे वळली. मी मान खाली घातली. त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आतून नुसता भांड्यांचा आवाज येत होता, एकच ताटली पुन्हा पुन्हा धुतल्यासारखा.

बाहेर आल्या तेव्हा तोंडावर पाणी मारलेलं होतं. त्यांनी प्रत्येकीच्या हातावर तुकडा ठेवला आणि विचारलं, "खावा गो बायांनो. पयल्यांदाच खातास मां?"

"हो काकू," वैजू तोंडात तुकडा कोंबत म्हणाली. "पहिल्यांदाच."

घरी येताना रेणू माझ्या पुढं चालत होती. मी पाय उचलून तिला गाठलं आणि नुसतं "रेणू" म्हटलं.

"तू काही बोलू नकोस हां."

"नाही बोलत."

थोडं पुढं गेल्यावर तीच म्हणाली, "तिचा हात किती गार पडला होता माहितीये? आणि घाम. माझा पडला होता ना, तस्साच." मग म्हणाली, "मला वाटलं होतं, फक्त माझाच पडतो."

मी शब्द दिला होता, म्हणून पुढचं सगळं भाषण गिळलं. चांगलं लांबलचक होतं ते. पुस्तकातलंच होतं.

दिवाळीच्या सुट्टीत दीपाचा मामा आला तिला न्यायला. बोलणं आधी झालेलं होतं, कुणी 'नको येऊ' म्हणून कळवलंच नव्हतं. बॅग भरून तयार होती, पोरगी मात्र घरात नव्हती. शोधत शोधत तो आमच्याकडे आला. उंच, सावळा, भला माणूस. रेणू दारातच अंगठ्यानं फरशी उकरत उभी होती.

"आमची दीपा इली हां काय हयां?" त्यानं विचारलं.

"नाही," रेणू म्हणाली. तिचे डोळे अगदी सरळ. "आज आलीच नाहीये ती."

मामानं दाराशी पडलेल्या लहान चपलांच्या दोन जोड्यांकडे बघितलं. आतल्या खोलीतून कुणीतरी हसू दाबल्याचा आवाज आला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

"बसा ना," मी म्हटलं. "चहा टाकते."